वायरीवर हात

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, बाटल्यांच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. तिथे त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे ‘ट्रिपमास्तर’ म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. दुपारी यंत्रं भरात आली की खट्ट आवाज व्हायचा, अख्खा एक विभाग बंद पडायचा, आणि बायका-पुरुष एका सुरात म्हणायचे, “चला, मास्तरांनी ट्रिप काढली!” मग अर्धे चहाला जायचे आणि अर्धे त्यांच्या नावाने बोटं मोडत बसायचे. भाऊजींवर दोन्हींचा काही परिणाम होत नसे.

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. ताईच्या लग्नानंतर एकदा काही निरोप घेऊन मी कारखान्यात गेलो, तर हे पॅनेलच्या खोलीत स्टुलावर बसून एका काळ्या डब्याकडे एकटक बघत होते. डबा म्हणजे ब्रेकर. त्याच्या तोंडावर नखाएवढी गोल डायल, मधोमध स्क्रू-ड्रायव्हरची खाच आणि भोवती आकडे. नवीन नातं, काहीतरी बोलायला हवं, म्हणून मी म्हणालो, “यंत्र जळू नये म्हणून असतो ना हा?”

“यंत्र गेलं खड्ड्यात,” ते म्हणाले. “हा वायरीसाठी आहे.”

त्यानंतर त्यांनी मला जे सांगितलं ते पुढे तीस वर्षं मी इतक्या वेळा ऐकलं, की आता झोपेतही म्हणून दाखवीन. यंत्राला अक्कल नसते, ते मागत राहतं. वायर बिचारी देत राहते आणि आतल्या आत तापते. ती काही बोलत नाही, तिच्यावरचं प्लास्टिक मऊ होतं, मग करपतं, आणि कळतं तेव्हा भिंतीतून धूर येत असतो. म्हणून डायल लावायची ती यंत्र जेवढं मागतं त्याच्या थोडी वर आणि वायर जेवढं सोसते त्याच्या खाली. जरासं जास्त झालं तर ब्रेकर थोडा वेळ बघून घेतो, फारच झालं तर लगेच पडतो.

“आणि त्या दोन्हींच्या मध्ये जागाच नसेल तर?” मी विचारलं होतं.

“तर वायर बदलायची. डायल नाही.”

हे एवढं बोलून ते पुन्हा डब्याकडे बघायला लागले. मी निरोप सांगायचा विसरलो आणि घरी येऊन ताईच्या शिव्या खाल्ल्या.

डायल लावून झाली की ते तिच्यावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका ठेवत. अर्धा डायलवर, अर्धा डब्यावर. कुणी डायल केसभर जरी फिरवली तरी वाळलेला ठिपका मधून तुटतो आणि चोरी उघडी पडते. नेलपॉलिश आणायचं काम ताईकडे. तिने स्वतःच्या नखांना कधी रंग लावला नाही, पण दुकानातली मुलगी तिला चांगली ओळखायची. एकदा ती मुलगी म्हणाली, “काकू, हा जरा फिका घ्या, तुमच्या हाताला शोभेल.” ताई म्हणाली, “माझ्या हाताला नको गं, ह्यांना हवाय. ह्यांना लालच लागतो.” त्यानंतर बरेच दिवस ती मुलगी भाऊजींना रस्त्यात बघितलं की मान वळवून बघायची.

कारखान्यातल्या मॅनेजरने एकदा जेवणाच्या सुट्टीत हळूच डायल वाढवली. भाऊजी परत आले, तुटलेला ठिपका बघितला. ब्रेकर हाताने पाडला आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून हाताची घडी घालून बसले. मॅनेजर आला, ओरडला, पाय आपटले. हे म्हणाले, “वायर गार होऊ द्या.” वायर गार व्हायला फार वेळ लागत नाही, मॅनेजरला गार व्हायला मात्र लागला. तो तसा वाईट माणूस नव्हता. महिन्याभरात त्याने नवी जाड वायर बसवून घेतली. तर ह्यांनी नव्या वायरीवरही डायल आठवडाभर जुन्याच आकड्यावर ठेवली. म्हणे, “नवीन आहे, अंदाज येऊ दे.” त्या आठवड्यात मॅनेजरने दोनदा कपाळाला हात लावलेला लोकांनी बघितला. मी त्याच्या जागी असतो तर डब्यालाच हात घातला असता.

अंदाज ते हाताने घेत. त्यांच्याकडे मीटर होता, वायरीभोवती चिमटा लावला की किती करंट जातोय ते दाखवणारा. पण ते म्हणायचे, “मीटर करंट सांगतो. वायरीला काय होतंय ते हात सांगतो.” रोज फेरी मारताना ते प्रत्येक जाड वायरीवर उजवा तळहात ठेवून क्षणभर थांबत. त्यांच्याकडे चारच शब्द होते: गार, कोमट, ऊन आणि चटका. गार म्हणजे पुढे चला. कोमट म्हणजे ठीक. ऊन लागली तर डायल खाली. चटका बसला तर आधी बंद, मग बोलणं. डॉक्टर पोरांच्या कपाळावर हात ठेवतात तसा हा माणूस वायरींवर हात ठेवत हिंडायचा, आणि ह्या हाताचा त्याला भारी अभिमान होता.

हे सगळं कारखान्यात राहिलं असतं तर मला काय! पण ताईच्या घरी वरच्या मजल्यावर मी राहतो, आणि त्या घराची वायरिंग भाऊजींची. प्रत्येक खोलीचा ब्रेकर इतका काटेकोर, की इस्त्री आणि पाणी तापवायची किटली एकत्र लावली की अंधार. त्यामुळे घरात आरोळ्या ठोकायची पद्धत पडली होती. खालून ताई ओरडायची, “इस्त्री लावते गं!” वरून मी ओरडायचो, “थांब, माझा हीटर आहे!” भाची न्हाणीघरातून, “पंप कुणी लावला?” पाहुणे दचकायचे. एक पाहुणे तर चहा अर्धा टाकून उठले होते, त्यांना वाटलं घरात भांडण जुंपलंय.

ही भाची म्हणजे बारकी. एकुलती एक, पण जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून बारकी, आणि आता बापापेक्षा वीतभर उंच झाली तरी बारकीच. तिने शिकून सवरून मातीकाम धरलं, भांडी घडवून भाजायचं. भाऊजींनी नाक मुरडलं, पण परसातली शेड तिला मोकळी करून दिली, जुनी विजेची भट्टी शोधून आणली आणि तिच्यासाठी मुख्य पॅनेलपासून शेडपर्यंत वायर टाकली. जिन्याच्या बाजूच्या भिंतीवर प्लास्टिकची लांब केसिंग-पट्टी, तिच्यात ही एकटीच वायर. कारखान्यातून भंगारात निघालेला एक डायलचा ब्रेकर त्यांनी तिला लावला आणि लाल ठिपका ठेवला. बाप म्हणून त्यांनी केलेलं एवढं एकच लाडाचं काम मला आठवतं.

मग वर्षं गेली. त्याच पट्टीतून पंपाची वायर गेली, माझ्या हीटरची गेली. दर वेळी भाऊजींनी भट्टीची डायल थोडी खाली आणली, कारण म्हणे गर्दीत वायरीला वारा मिळत नाही. त्या भिंतीवर दुपारभर ऊन असायचं, म्हणून आम्ही आतून फोमच्या जाड पाट्या बसवून घेतल्या. पट्टी त्या पाट्यांच्या मागे गेली. भाऊजी घरी आले, बघितलं आणि म्हणाले, “वायरीला रजई घातलीत होय? शाबास.” डायल पार खालच्या आकड्यावर गेली. तरी भट्टी चालत होती, कारण तिच्या आतल्या तारा जुन्या होऊन दमल्या होत्या आणि फारसं मागत नव्हत्या. यंदा बारकीने तारा नव्या घातल्या. भट्टी पूर्ण जोमाने मागायला लागली आणि मधली जागा संपली.

आता ह्यावरचा उपाय भाऊजींचाच, पाठ झालेला. वायर बदलायची, डायल नाही. त्यांनी जाड वायरीचं वेटोळं आणलंही. निवृत्त झालेले, वेळच वेळ. पण वेटोळं जिन्याखाली जाऊन बसलं ते बसलंच. उद्या करतो, ह्या रविवारी करतो, जरा पाठ भरून आलीये. ताई केर काढताना त्याच्यावर झाडू आपटायची. दुसऱ्या कुणाला बोलावू म्हटलं की ते एकच वाक्य बोलायचे, “माझ्या घरात दुसरा इलेक्ट्रिशियन?” आणि विषय संपायचा. मला वाटलं म्हातारपण आलं, आळस आला, वर हेका होताच. मी तसं ताईला बोलूनही दाखवलं.

म्हातारपणाच्या काही गमतीही सुरू झाल्या होत्या. चालता चालता त्यांची एक चप्पल मागे राहायची आणि हे तसेच पुढे. मागून कुणीतरी हाक मारायचं, “काका, चप्पल!” स्टीलच्या ग्लासातला कढत चहा, जो आम्ही रुमालात धरायचो, तो हे नुसत्या हातात धरून गप्पा मारायचे. मी म्हणायचो, “भाऊजी, हात आहे की सांडशी?” ते खुश व्हायचे. साखरेचा त्रास त्यांना बऱ्याच वर्षांचा, गोळ्या चालू होत्या, आणि गोळ्या चालू आहेत म्हणजे रोग आटोक्यात आहे असं त्यांचं मत होतं.

बारकीला ह्याच वेळी तिची पहिली खरी ऑर्डर मिळाली. खरी म्हणजे ओळखीपाळखीतली नव्हे. नव्या बांधलेल्या इमारतींच्या प्रत्येक दारावर लावायच्या नंबराच्या टाइल्स, हाताने रंगवलेल्या. बांधकामाच्या कंत्राटदाराला आवडल्या, पण तो घाईतला माणूस. सोमवारी माल नाही मिळाला तर पत्र्याच्या छापील पाट्या लावून मोकळा होणार होता, तसं त्याने स्वच्छ सांगितलं होतं. हे काम उभं राहिलं असतं तर त्याच्या पुढच्या इमारतीही तिच्याकडे आल्या असत्या. नाही तर पुन्हा नातेवाइकांसाठी फुलदाण्या.

टाइलवर काचेसारखा चकचकीत लेप बसायला भट्टी शेवटपर्यंत चढावी लागते आणि वरच्या तापावर काही वेळ थांबावी लागते. मध्ये वीज गेली की लेप अर्धवट वितळून दुधट, फोडाफोडांचा होतो. बारकीच्या दोन भट्ट्या तशाच गेल्या. दोन्ही वेळा दुपारी, चढ संपत आलेला असताना, खट्ट.

दुसऱ्या खट्टनंतर ती शेडमधून आली ती हातातली माती न धुताच. भाऊजी जिन्यात बसून पेपर वाचत होते.

“बाबा, एक तर वायर टाका नाही तर डायल वाढवा.”

“डायल वाढणार नाही.”

“मग वायर? ते वेटोळं काय शोभेला आणलंय?”

“टाकतो.”

“कधी? सोमवारनंतर?” ती ओरडली नाही, ते जास्तच वाईट होतं. “तुम्ही सगळ्या जगाच्या वायरी सांभाळल्या. माझी एक भट्टी पूर्ण होऊ द्यायची तर तुमच्या जिवावर येतं. मला एकदा, फक्त एकदा ती शेवटपर्यंत चढलेली बघायचीये.”

ती आत गेली. भाऊजी पेपर धरून बसले होते. मी समोरच होतो, पान उलटलं गेलं नाही.

शनिवारी सकाळी बारकी तिसरी आणि शेवटची भट्टी भरत होती, तेव्हा मी खाली उतरलो तर भाऊजी पॅनेलपुढे उभे. हातात स्क्रू-ड्रायव्हर. मला वाटलं ठिपका तपासताहेत. तर त्यांनी टोकाने तो लाल ठिपका खरवडून काढला आणि डायल वर घ्यायला लागले. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. तीस वर्षांत हा माणूस स्वतःच्या हाताने डायल वायरीच्या वर नेईल असं मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी हसलो असतो. स्क्रू-ड्रायव्हर खाचेतून सारखा निसटत होता. “चष्मा बदलायला झाला वाटतं,” ते म्हणाले. चष्मा मीच करून दिला होता, दोन महिन्यांपूर्वी. त्यात काही खोट नव्हती.

“भाऊजी, हे तुमच्या नियमात बसतं का?” मी विचारलं.

“नाही बसत,” ते म्हणाले. “म्हणून मी बसणार आहे.”

आणि खरंच बसले. जिन्याच्या बाजूला जिथे पट्टी फोमच्या पाटीमागे शिरते, तिथे त्यांनी सुरीने पाटीचा चौकोन कापला, केसिंगचं झाकण काढलं, जिन्याच्या पायरीवर उशी ठेवली आणि भट्टीच्या वायरीवर उजवा तळहात दाबून धरला. घराला हुकूम सुटले: पंप बंद, हीटर बंद, पंखेही नकोत. ब्रेकरच्या जागी आता ते स्वतः होते. वायर ऊन लागली की हाक मारणार, बारकीने भट्टी थोडी उतरवायची, गार झाली की पुन्हा चढवायची. अशाने वेळ जास्त लागला असता, पण भट्टी पुरी झाली असती. बेत वाईट नव्हता. बारकी शेडमधून आली, बापाला तसं बसलेलं बघितलं, आणि पटकन वाकून तिने त्यांच्या डोक्यावर ओठ टेकवले. आमच्या घरात असलं काही होत नाही. भाऊजींनी दुसरीकडे बघितलं आणि म्हणाले, “जा, भट्टी बघ.”

सकाळभर ते दर थोड्या वेळाने ओरडून सांगत होते, “गार!” शेडमधून उत्तर यायचं, “बरं!” मी शनिवारची सुट्टी घेतली होती आणि पंखा नसल्यामुळे घामाघूम होऊन पायरीवर बसलो होतो. ताई मधून मधून येऊन दोघांकडे बघून जात होती. जेवण झालं, ते भाऊजींना डाव्या हाताने चमच्याने जेवावं लागलं. त्यानंतर भट्टी पूर्ण दमाने चालू झाली, तिची घरघर भिंतीतून ऐकू येत होती, आणि भाऊजींनी पहिल्यांदा सांगितलं, “कोमट!” ह्या शब्दावर त्यांचा चेहरा खुलला होता. कोमट म्हणजे ठीक.

दुपार कलली. कोमट. बाहेरच्या भिंतीवर ऊन आलं. कोमट. ताईने चहा दिला, भाऊजींनी डाव्या हाताने घेतला. बारकीने शेडमधून ओरडून सांगितलं, “बाबा, शेवटचा तास!” तिचा आवाज लहानपणी परीक्षेचा निकाल सांगायची तसा होता. मीही उठून उभा राहिलो. भाऊजी म्हणाले, “चालू दे, कोमट आहे.”

ती घाम पुसायला आत आली आणि दारातच थांबली.

“वास कसला येतोय?”

“भट्टीचा असेल,” भाऊजी म्हणाले.

“भट्टीचा वास मला माहीत आहे. हा प्लास्टिकचा आहे.”

मलाही तेव्हा कळलं की मघापासून काहीतरी नाकात खुपत होतं. बारकी पायऱ्या चढून आली, बापाच्या हाताच्या पलीकडे, पाटीच्या आत बोट घातलं, वायरीला लावलं आणि “आई गं!” करून झटक्यात मागे घेतलं. बोट तोंडात घालून ती त्यांच्याकडे बघत राहिली. भाऊजींचा तळहात त्याच वायरीवर तसाच होता. दाबून धरलेला.

“बाबा, हात काढा.”

“अगं, कोमट—”

“हात काढा!”

तिने त्यांचं मनगट धरून हात ओढून काढला आणि उलटा केला. तळहातावर आडवा, वायरीच्या जाडीचा पांढरा पट्टा होता. बोटांच्या मुळाशी कातडी सुटून फुगली होती. भाऊजी त्याच्याकडे असे बघत होते, जणू दुसऱ्याच कुणाचा हात त्यांना धरायला दिलाय.

बारकी जिना दोन उड्यांत उतरली आणि पॅनेलवर जाऊन ब्रेकर पाडला. भिंतीतली घरघर थांबली. घरात इतकी शांतता झाली की ताई स्वयंपाकघरातून पळत आली.

“बंद का केलंस?” भाऊजी म्हणाले. “तासाचं काम राहिलं होतं. मी धरला असता.”

“राहू दे,” बारकी म्हणाली.

मला आधी त्यांचा राग आला, आणि मग लगेच रडायला आलं, ते मी दाबलं. मागे राहिलेल्या चपला, कढत ग्लास, खाचेतून निसटणारा स्क्रू-ड्रायव्हर, जिन्याखालचं वेटोळं. मी दुकानात रोज बघतो, नजर कमी झालेल्या माणसाला ती कमी झालीये हे सगळ्यात शेवटी कळतं. तो म्हणतो उजेड कमी आहे, अक्षरं बारीक छापतात. हे मला माहीत असून मी घरात सांडशीचे विनोद करत होतो. साखरेने त्यांच्या हातापायांतली जाणीव हळूहळू नेली होती.

डॉक्टरकडे जाताना रिक्षात ताईने विचारलं, “कधीपासून?” ते बाहेर रस्त्याकडे बघत सांगायला लागले.

“स्क्रू हातात आहे की पडला, ते बघितल्याशिवाय कळत नाही. वर्ष झालं असेल. वायर टाकायची तर टोकं आवळता आली पाहिजेत. सैल राहिलं टोक, तर तिथेच आग लागते. म्हणून टाकत नव्हतो.” मग हातातल्या ओल्या फडक्याकडे बघून म्हणाले, “बोटं गेली हे कळलं होतं. तळहात आहे असं वाटत होतं.”

ताईने त्यांचा दुसरा हात धरला. त्या हाताला ते कळलं की नाही, मी विचारलं नाही.

भट्टी रविवारी उघडली. वरच्या फळीवरच्या टाइल्स आरशासारख्या आल्या होत्या, बाकीच्या सगळ्या दुधट. सोमवारी बारकी स्वतः कंत्राटदाराकडे गेली, दोन चांगल्या टाइल्स दाखवल्या आणि काय झालं ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, वाईट वाटल्याचं म्हणाला आणि पत्र्याच्या पाट्या लावल्या. त्या संध्याकाळी शेडचं दार बराच वेळ आतून बंद होतं. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते, आणि तिने जिन्याखालून वायरीचं वेटोळं बाहेर ओढलं.

वायर बारकीने आणि मी टाकली. म्हणजे तिने टाकली, मी ओढली. फोमच्या पाट्या टाळून, बाहेरच्या बाजूने, एकटीच पट्टी. भाऊजी हाताला पांढरं बँडेज बांधून खुर्चीत बसले होते आणि तोंड मोकळं होतं, त्याचा त्यांनी पुरेपूर वापर केला. “ओढू नका, सोडा. सोडू नका, धरा. मेहुणे, तुम्ही चष्मेच पुसा.” टोकं आवळताना मात्र ते खुर्ची जवळ घेऊन बसले आणि एकेका स्क्रूवर बारकीला म्हणाले, “आणखी पाव वळसा. आता हलवून बघ. हलतं? नाही? हं.” तिने प्रत्येक टोक दोनदा हलवून बघितलं. ती बापावर रागावलेली होती की नाही, मला कळलं नाही. बोलणं कामापुरतंच चाललं होतं.

डायल तिने लावली, त्यांनी सांगितलेल्या रेघेवर. मग रिकामी भट्टी पूर्ण जोरात चालू केली आणि आम्ही सगळे बसून राहिलो. बऱ्याच वेळाने भाऊजी उठले, नव्या वायरीपाशी गेले, आणि त्यांचा उजवा हात बँडेजसकट आपसूक वर आला. अर्ध्यावर थांबला. त्यांनी डावा पुढे केला, तोही थांबवला. मग दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले.

“बारके,” ते म्हणाले, “हात लाव बघू.”

बारकीने त्यांच्याकडे बघितलं, वायरीवर पूर्ण तळहात ठेवला, ते ठेवायचे तसा, आणि थांबली.

“कोमट,” ती म्हणाली.

“कसलं कोमट? चहाचं की अंघोळीच्या पाण्याचं?”

“अंघोळीच्या. त्याहूनही कमी.”

“नक्की?”

“नक्की, बाबा.”

ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं आता म्हणतील, आठवडाभर खालीच ठेव, अंदाज येऊ दे. पण त्यांनी खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली, डाव्या हाताने झाकण फिरवायचा प्रयत्न केला, ते फिरतंय की बोटंच घसरताहेत ते त्यांना कळेना, आणि त्यांनी बाटली तिच्यापुढे धरली.

“मग तूच लाव ठिपका,” ते म्हणाले.